सामाईक केर

हार्डवेअरच्या दुकानात प्लंबरला नळाचा एक वॉशर हवा होता, पण पुढचे दोघे हटेनात. ते भागीदारीत दागिने घडवायचं वर्कशॉप काढत होते आणि त्यासाठी झाडू बघत होते. सोबत एकाची बायको, म्हणजे दुसऱ्याची ताई.

“दाजी, बाकी सगळं सामाईक. केर तेवढा मी काढतो.”

“छे, तुला धुळीचा त्रास. मीच काढेन.”

“तुमची कंबर धरलीय ना?”

“सुटली.”

“कधी?” ताईनं विचारलं. “काल तर चपलेचा पट्टा लावायला वाकवत नव्हतं तुम्हाला.”

“ताई, कानस मारली की सोन्याचा कीस खाली सांडतो. तो केरातच जातो.”

“म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही?”

“आहे हो, दाजी! फक्त हे खाचाखाचांचे बूट रोज वर्कशॉपातच ठेवून जात जा.”

“मग तूही ती दाढी उतरव. चिमूटभर कीस तर सहज अडकेल.”

दुकानदार प्लंबरकडे वळला. “तुम्हाला काय हवंय?”

“होऊ द्या त्यांचं सावकाश.”

“भांडू नका,” ताई म्हणाली. “रोज संध्याकाळी येऊन मीच केर काढत जाईन.”

“तू नको!” दोघं एका सुरात ओरडले.

ताईनं एक झाडू उचलून नवऱ्याच्या हातात दिला.

“मग हा घरासाठी घ्या. कंबर सुटलीय ना?”