रेसचं बटन

…आन वरून मलेच इचारतेत, का टिकाराम, हात काहून दुखते म्हनून! दुखन नाई त काय नाचन जी? तुमाले सांगतो, शहापूरवरून लाखांदूर, पंचायत समितीच्या हापिसात, रोज अपडाऊन. जाताना पन्नास-साठ किलोमीटर, येताना तेवढेच, आन सारा रस्ता उजव्या मुठीत रेस पिळून धराची. बारा वर्सं झाले, मी रेस देऊनच राहिलो. अॅक्सिलेटर वगैरे शहरातले लोक म्हनत असन, आपल्या इकडे रेस म्हंजे रेस. लेकरू टाकीवर बसलं का तेबी म्हनते, बाबा रेस द्या!

मुठीची हालत अशी का हापिसात पेन धरला का सहीची जिलेबी होऊन राहिली. सायबानं एक डाव दोन कागद बाजूबाजूले ठेवले आन इचारलं का यातला टिकाराम कोनता? आता मी काय सांगू, मलेच समजेना. चहाचा कप डाव्या हातानं धरतो, त लोक वाईट मानतेत.

घरी माही बायको, रुखमिणी. तिचं एकच. गाडी चंद्रकुमारले देऊन टाका आन बसनं जात जा. चंद्रकुमार म्हंजे तिचा भाऊ, माहा साळा, दिघोरीले राहते, आन दोन वर्सापासून माह्या गाडीवर डोळा ठेवून आहे. आला का पयले गाडीले हात लावते, मंग मले नमस्कार करते. आता तुमीच सांगा, काळी कुळकुळीत गाडी, बारा वर्सात एक डाव बी मले रस्त्यात सोडून नाई गेली, पुरात कारध्याच्या पुलाजवळ तीन घंटे उभी होती त पयल्या किकमध्ये चालू झाली… ते साळ्याले द्याची? जीव आहे जी माहा तिच्यात! लाज कायची सांगाले.

मंग मले व्हिडिओ दिसला. एक गोरापान मानूस, हातात पेचकस, आन म्हनते कसा, "भाइयो, क्रूझ कंट्रोल। घर पे लगाओ। सिर्फ आधे घंटे का काम है।" म्हंजे काय, का एक छोटी मोटर राहते, ते रेसचा वायर खीचते. साठची स्पीड धरली, बटन दाबलं, हात सोडला, गाडी आपली साठनंच चालून राहिली. आन ब्रेक मारला का बंद. हात मोकळा! मी ते व्हिडिओ अकरा डाव पायला. अर्ध्या घंट्याचं काम!

मंग मी ते मशीन मागवलं, त्याचा डबा आला. मेकॅनिककडे नेला, त त्यानं आतमंधी पायलं, झाकन लावलं, आन म्हने भाऊ, घरी लेकरं-बाळं आहेत मले. असा मानूस! म्हनलं राहू दे, घरीच करतो. दिवाई झाली होती, हापिसाले सुट्टी, शनिवार, सकाळचे नऊ. आंगनात गाडी घेतली. सीट काढली, टाकी काढली, बाजूचे झाकनं काढले. कागद काढला, त सारा चिनी भाषेत, नुसतं एका मानसाचं चित्र, तो हासून राहिला. काहून हासून राहिला ते बारा वाजता समजलं.

व्हिडिओवाला म्हने ब्राउन वायर घ्या. माह्या डब्यात ब्राउन वायरच नाई! निळा आहे, पिवळा आहे, एक त असा रंग का ज्याले मराठीत नाव नाई. बरं, दोन वायर जोडले आन हॉर्न दाबला, त इंडिकेटर लागला. दुसरे दोन जोडले, ब्रेक दाबला, त हॉर्न वाजला, आन असा वाजला का थांबेच ना. शेजारची शकुनबाई कुंपनावरून पाहून राहिली होती. बिचारी चांगल्या मनानं म्हने, "भंगारवाला उद्या येते, आज काहून काढून ठेवली?" मंग चाकाले चुंबक चिकटवाचं होतं, त्याचा गोंद असा कडक का चुंबक राहिलं बाजूले, माहे दोन बोटंच एकामेकाले चिकटले. जेवन बायकोनं भरवलं. भरवता भरवता इचारते, "अर्धा घंटा झाला का जी?"

पन बाई हुशार, मानलं पायजे. म्हने बाकी काही करा, पयले मले ब्रेकचा वायर दाखवा. ब्रेक मारला का मशीन बंद झालं पायजे, मंगच बाकीचं बोला. तिच्यासमोर दहा डाव ब्रेक दाबून दाखवला. दहाही डाव बंद. दिवे लागले तवा गाडी जुळली. चार स्क्रू उरले. उरले त उरले, कंपनीवाल्याइनं जास्तीचे लावले असन.

आता हँडलवर तीन बटनं. एकावर ओ एन, म्हंजे चालू. दुसऱ्यावर एस ई टी, सेट, म्हंजे ही स्पीड धरून ठेव. आन तिसऱ्यावर, आर, ई, एस. रेस! मले एवढं बरं वाटलं म्हनून सांगू! म्हनलं वा रे गड्या, तिकडं चीनमंधी बसून बी आपल्या लोकाइचा इचार केला, बोटानं रेस द्याची सोय करून देली. आता बिचाऱ्याचं स्पेलिंग चुकलं, पन चुकते मानसाचं, इंग्रजी त्याची बी नाई आन माही बी नाई. आपन समजून घ्याचं. मी घेतलं समजून.

रातच्याले जेवताना रुखमिणीनं फैसला सांगितला. आवाज न चढवता सांगते ते, तवाच भेव लागते. "उद्या दिघोरीची मंडई आहे, आपल्याले जायचंच आहे. याच गाडीवर जाऊ. सुखरूप पोचलो त मशीन बी तुमचं आन गाडी बी तुमची, मी पुन्हा नाव नाई काढत. नाई पोचलो, त किल्ली तिथंच चंद्रकुमारच्या हातात देईन, आन तुमी सोमवारपासून बसनं." मी म्हनलं, मंजूर. अर्ध्या घंट्याचं काम करून मानसाच्या अंगात लय ताकद येते.

मंडई तुमाले सांगाले नको. दिवाईनंतर गावोगावची मंडई, म्हंजे जत्राच, सारे सोयरे गोळा, घरोघरी पाव्हने, दंडारीचा खेळ, दुकानं, पाळने. रुखमिणी नव्या लुगड्यात, मांडीवर करंज्या-अनारशाची थैली. मोकळा रस्ता आला, साठ धरली, सेट दाबलं… आन हात सोडला. राजेहो! हात सोडला आन गाडी चाललीच! बारा वर्सात पयल्यांदा माही मूठ उघडली. मी बोटं हालवून पायली. समोरून येनाऱ्या टॅक्टरवाल्याले उगाच नमस्कार केला. पवनी गेली, लाखांदूर मांगं पडलं, मूठ म्हनून दुखेना. आन मांगून रुखमिणी म्हने, "बरं आहे जी." आयकलं का तुमी? बरं आहे म्हने! वीस वर्साच्या संसारात माह्या कोनत्याच कामाले हे बाई बरं म्हनली नव्हती. मी मनातल्या मनात चंद्रकुमारले सांगून देलं, का बावा, तू दुसरी पाय.

दिघोरी आली. गर्दी. ब्रेक मारला, मशीन बंद झालं, मुकाट्यानं गर्दीतून हळूहळू गाडी काढली. गर्दी संपली, समोर शेतातला रस्ता, दोन्हीकडून धान कापून ठेवलेले, आन त्या टोकाले चंद्रकुमारचं घर. आंगनात सारे सोयरे उभे, आमच्याकडेच पाहून राहिले. मी तिसऱ्या गेरात, विसच्या स्पीडनं, बैलबंडीसारखा. मांगून रुखमिणी माह्या कानात म्हने, "थोडी रेस द्या न जी, लोक पाहून राहिले."

रेस द्या म्हने. तिनंच म्हनलं! मी अंगठ्यानं रेस देली.

तुमाले सांगतो, त्या मशीनले सारं ध्यानात होतं. कुठं साठ धरली होती, किती घंटे धरली होती, सारं. गाडी अशी उसळली का माही टोपी त्या जागी राहिली आन मी समोर गेलो. रस्ता वळला, आमी नाई वळलो. शेताच्या धुऱ्यावरून गाडी उडाली, खाली धानाच्या बांधीत उतरली, आन त्या बांधीत शेतवाल्या डोमाजीनं धान कापून, पेंढ्या रचून, घराएवढं पुंजनं करून ठेवलं होतं. मी ब्रेक मारला. मशीन लगेच बंद बी झालं, त्याले दोष नाई. पन तोवर गाडी अर्धी पुंजन्यात, मी पूरा पुंजन्यात, आन रुखमिणी पुंजन्यावर. सरळ बसलेली. थैली मांडीवर तशीच, एक अनारसा नाई फुटला.

डोमाजी इळा हातात घेऊन आला. खालून वरून पायलं. म्हने, "मंडईले आले का?"

मी धानातून म्हनलं, हाव.

आमाले काढाले, पेंढ्या सरकवाले, कानातलं तनस झटकाले बरोबर अर्धा घंटा लागला. हे काम मात्र अर्ध्या घंट्याचंच निघालं! तोवर सारी मंडई इकडं. चंद्रकुमारची पोरगी मेघा, पॉलिटेक्निकले आहे, तिनं हँडल पायलं आन सांगितलं का हे रेस नाई, रिझ्यूम आहे. म्हंजे मांगची स्पीड परत आनाची. मी म्हनलं, मंग पूरं लिहाले काय झालं होतं त्याले? जागा नव्हती म्हने बटनावर. त्याच्या बटनावर जागा नव्हती म्हनून मी पुंजन्यात जाऊ का जी?

मी भांडलो बी. म्हनलं, सुखरूप पोचलो ना? कोनाले खरचटलं? पुंजन्यात का होईना, दिघोरीतच आहो ना? रुखमिणीनं केसातली एक लोंबी काढली, माह्याकडे पायलं, गाडीची किल्ली काढली आन भावाच्या हातावर ठेवली. त्यानं गाडीवरचं तनस अंगोछ्यानं पुसलं, एवढ्या हळूच पुसलं का मले रडूच आलं. खरं सांगतो, आलं. पाठ फिरवून पाळन्याकडे पाहत राहिलो.

आता त्याचा रोज फोन येते. जिजाजी, हात लावाच नाई लागत! मेघानं त्याले तिन्ही बटनं शिकवले.

आन मी सोमवारपासून बसनं. रुखमिणी डब्बा देताना म्हने, "आता हात मांडीवर ठेवा, डोळे मिटा, गाडी आपोआप जाते. हेच पायजे होतं ना तुमाले?"

मी म्हनलं, हाव, हेच पायजे होतं. आता फकस्त सीट भेटली पायजे.