जिंकायची एकच वाट

मंडळी, बसलात? मग आधी एक सांगा. समजा खेळ असा आहे, की त्यात जिंकायची वाट एकच, आणि ती दुसऱ्याच्या घरावरून जाते. मग काय करायचं? जिंकायचं, की हरायचं? हं! सगळे गप्प! प्रसाद कधी आहे विचारलं असतं तर शंभर तोंडं बोलली असती!

तर ऐका. समुद्रकाठच्या एका गावात लवू कुबल नावाचा माणूस. रापणीचा म्होरक्या. रापण म्हणजे काय, ते घाटावरून आलेल्या पाहुण्यांना सांगतो. होडी समुद्रात लांबलचक जाळं सोडत अर्धं रिंगण घालते. जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर. मग सारा गाव दोर ओढतो. आणि रीत काय? दोराला ज्याचा हात लागला, त्याला वाटा! म्हातारा असो, पोटुशी बाई असो, हात लागला की वाटा. कोणी किती जोर लावला, ते मोजायचं नाही.

मासेमारी बंद असायच्या दिवसांत लवू घरी रिकामा. मेहुण्यानं जुना कॉम्प्युटर दिलेला, त्यात एक खेळ. तुम्ही साहेब! जहाजातून परक्या बेटावर उतरायचं, वखार घालायची, मुलूख वाढवायचा. बेटावर आधीपासून कोळ्यांच्या झोपड्या. शिवाय दुसऱ्या निशाणांचे साहेबही टपलेले.

खेळ सांगतो — व्यापार करून जिंका, दोस्ती करून जिंका, तट बांधून जिंका, नाहीतर लढून जिंका. लवू मनानं चांगला. त्यानं आधी व्यापार केला. मीठ विकलं, नारळ विकले. दुसरा साहेब तोफा घेऊन आला — वखार गेली! मग दोस्ती केली. बेटावरच्या लोकांना विहिरी खणून दिल्या, कापड दिलं. लोक खूश, आणि पडद्यावर अक्षरं — वेळ संपली, तू हरलास! तट बांधला, तर आतल्या आत उपासमार!

बायको कुंदा स्वयंपाकघरातून ओरडते, "काय ओ! जेवण थंड झाला! त्या पेटीत जेवूक गावता काय?"

"गप गे! चार दारां दाखवतत, नि उघडता एकच! तीन नुसती भिंतीवर रंगवलेली!"

"मग खेळतास कित्याक?"

कित्याक! शहाणी बाई. पण हरलेल्या माणसाला शहाणपण सांगून बघा, मंडळी!

आणि एका दुपारी लवूला ते उघडं दार सापडलं. उतरल्या उतरल्या, दुसरे साहेब यायच्या आत, झोपड्या जाळायच्या! माणसं हाकलायची, किनारा आपला करायचा. बस्स. डंका वाजला — विजय!

पहिल्यांदा जाळलं तेव्हा लवूचा हात थरथरला. दुसऱ्यांदा थोडा कमी. मग थरथरेनासाच झाला. मला तोफेचं भय नाही, मंडळी. मला भय वाटतं ते त्या न थरथरणाऱ्या हाताचं. कारण तो हात पेटी बंद केल्यावर पेटीत राहत नाही. तो माणसाबरोबर जेवायला बसतो, देवाला फूल वाहतो, बाहेर पडतो!

बंदी उठली. पहिली रापण. लवू वाळूत उभा राहिला नि म्हणाला, "औंदा मी निवडलेले गडीच दोर ओढतले. बाकीच्यांनी लांब ऱ्हवा. हात कमी, तर वाटो मोठो!"

आवडूमावशी, एकटी विधवा बाई, सवयीनं दोराशी आली.

"मावशे, हात काढ."

"काढू? लगीन होवन इल्यापासून ह्या दोराक हात आसा माझो!"

"काढ म्हटलंय ना!"

म्हातारीनं हात काढला. मागे जाऊन वाळूत बसली. गाव तिच्याशेजारी उभा राहिला. कोणी भांडलं नाही. मंडळी, गाव भांडतो तोवर बरं असतं. गाव गप्प झाला की भ्या!

जाळं भरलं, जड झालं. एवढ्यात ते खडकाला अडकलं. होडीत लवूचा धाकटा भाऊ भिवा. सोडवायला पाण्यात उतरला — आणि त्याचा पाय जाळ्यात गुंतला! वरून लाट, खालून ओढ. जाळं खडकावरून सुटलं ते भिवाला घेऊनच. होडीतले ओरडले, "दादा! भिवा जाळ्यात! ओढा!"

ओढा! पण ओढणार कोण? निवडलेले मोजके हात! एक पाऊल मागे येतात, समुद्र दोन पावलं पुढे नेतो. दोर तळव्यांची सालं काढत सरकतोय. भिवाचं डोकं वर दिसलं... गेलं... दिसलं... आता दिसत नाही!

लवूनं मागे पाहिलं. सारा गाव उभा. त्यानंच उभा केलेला! कुठल्या तोंडानं बोलवू?

आणि आवडूमावशी उठली! "अरे बघतास काय मेल्यांनो! माणूस जाता!" म्हातारीनं दोर धरला. तिच्यामागे कुंदा, तिच्यामागे पोरीबाळी, दुकानदार, पुजारी सोवळ्यासकट! दोर ताठ झाला, थांबला, आणि मागे यायला लागला.

भिवा वाळूवर आला तो निळा. श्वास नाही. लवू त्याच्या छातीवर दाबतोय, "भिवा... ए भिवा..." सगळा किनारा श्वास धरून. शेवटी भिवाच्या तोंडातून पाणी आलं, खोकला आला, आणि एक शिवी आली! मंडळी, एवढी गोड शिवी त्या किनाऱ्यानं कधी ऐकली नव्हती!

वाटणीच्या वेळी लवूनं सगळ्यांत मोठी सुरमई आवडूमावशीपुढे ठेवली. रडत होता. म्हातारीनं ती परत सरकवली.

"सगळ्यांका गावता तेवढोच माझो वाटो दी. तुझी दया माका नको."

लवूनं समान वाटे घातले. तिनं आपला उचलला नि गेली. माफ केलं म्हणाली नाही. लवू अजून ते ऐकायची वाट बघतोय.

तुम्ही म्हणाल, बुवा, तो खेळच तसा होता. हो, होता! पण तो कोणी परक्यानं लिहिला होता. किनाऱ्यावरचा खेळ आपल्या वाडवडलांनी लिहिलाय, आणि त्यात म्हातारीच्या हाताचा जोरही मोजत नाहीत, वाटा देतात. मग परक्याचे नियम घरात कोणी आणले? धंद्यात असंच करावं लागतं, भावकीत असंच वागावं लागतं, दुसरी वाटच नाही — हे कोण म्हणतं? तुम्हीच ना?

घरी जाताना आठवा, आपण कोणाला म्हणालो, हात काढ. आणि आजच जाऊन त्याला बोलवा. भिवाच्या वेळी म्हातारी उठली. तुमच्या वेळी कोणी उठेलच, असं मी सांगू शकत नाही. देवालाही सांगता येणार नाही.

म्हणा, हात न सोडणाऱ्या त्या पांडुरंगाचा जयजयकार!