विहीण होडीत जाऊन बसली

मंडळी, सावरून बसा! मागच्या बायांनो, पाय दुमडून घ्या. पुढच्यांनो, डुलक्या आवरा — झोपायचंच तर घरी उशा आहेत! आज एक कोडं घालते. तोंडावर गोड बोलतो तो आपला, की तोंडावर टोमणा मारतो तो आपला? काय म्हणता? गोड बोलतो तो? पेटीवाले गणूभाऊसुद्धा मान डोलावतायत! बरं. ऐका तर मग!

कोकणात एक खाडी. अल्याड येसूचं माहेर, पल्याड तिचं होणारं सासर. येसू म्हणजे महादूअण्णांची एकुलती लेक. आणि अण्णा? इतके भित्रे, की मांजर आडवं गेलं तर मांजराची माफी मागायचे! येसूचं लग्न ठरलं पल्याडच्या वासूशी. तिनं त्याला जत्रेत पाहिलं होतं — तेव्हापासून पोरीचं अर्धं मन खाडी ओलांडून गेलेलं. बाकीचं अर्धं भाकरी करपवायचं!

पण वासूची आई, द्वारकाबाई — अगं बाई बाई! ऐन उमेदीत नवरा गेला. एकटीनं शेत केलं, पोर वाढवलं. करारी बाई! लोक सांगायचे, तिनं भुवई चढवली की चुलीवरचं दूध नासतं. खोटं वाटतं? त्या दुधाचं पनीर खाल्लेली माणसं अजून जिवंत आहेत!

आता तुम्हाला ठाऊकच आहे, लग्नात विहिणीवर गाणी म्हणतात. तिच्या नाकावर, तिच्या खाण्यावर, तिच्या चालण्यावर! त्यात पट्टीची कोण, तर येसूची गोदाआत्या. पण अण्णांनी आदल्या दिवशीच बहिणीला गाठलं.

"गोदे, उद्या विहिणीवर वेडंवाकडं एक अक्षर नाही!"

"अरे दादा, मग पंगतीत म्हणू काय? आरती?"

"अगं, विधवा बाई ती. मानी बाई. थट्टा झोंबली आणि लग्न मोडलं तर? मी शाळेच्या गुरुजींकडून चांगलं गाणं लिहून घेतलंय. तेच म्हणायचं!"

झालं! लग्नाच्या दिवशी भरतीच्या पाण्यावर वऱ्हाडाची होडी आली. मुहूर्त दुपारचा, आधी फराळाची पंगत. द्वारकाबाई पाटावर बसल्या. पुढे केळीचं पान, पानावर गरम घावन. आणि गोदाआत्यानं एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून सूर लावला —

विहीणबाई गुणवंती, सोज्वळ तिचा भाव,
धन्य झाली खाडी आमुची, धन्य झाला गाव!

द्वारकाबाईंचा घास हातातच थांबला. दुसरं कडवं झालं. तिसरं झालं. बाईंनी पान पुढे सारलं आणि उठल्या!

"होडी कुठाय?"

आणि तरातरा चालत गेल्या, होडीत जाऊन बसल्या! पाठ गावाकडे, तोंड पल्याड!

"ओहोटीच्या पाण्याबरोबर मी निघणार. वासू, यायचं तर ये, राहायचं तर राहा!"

वासू बिचारा! एका पायात वहाण, कपाळाला मुंडावळ्या, आणि तोंड असं झालेलं, की नारळ द्यावा की पाणी पाजावं कळेना! अण्णा धोतरासकट गुडघाभर पाण्यात उतरले.

"विहीणबाई, चुकलं काय? गाण्यात काही उणं राहिलं का? अजून चार कडवी आहेत!"

"अजून चार!" द्वारकाबाई कडाडल्या.

गुरुजी चष्मा पुसत पुढे झाले. "त्याचं काय आहे, 'सोज्वळ'चा अर्थ बहुधा आपल्या..."

"अर्थ कळला, गुरुजी! कळला म्हणूनच निघाले!"

सांगा मंडळी, काय अर्थ कळला असेल बाईंना? गाण्यात एक शब्द वाईट आहे का? साखर आहे नुसती!

इकडे येसू खिडकीत उभी. अंगाला हळद, डोळ्याला पाणी. समोर खाडीचं पाणी मागं मागं सरतंय, काठचा गाळ उघडा पडतोय. पाण्यासोबत होडी जाणार, होडीसोबत वासू जाणार. तिच्या मनात ते गाणं घुमत राहिलं. एवढं गोड गाणं, मग ते बोचलं कुठे?

आणि तिला आठवले तलाठी! ते घरी आले की अण्णा म्हणायचे, "या साहेब, बसा साहेब, आपले पाय लागले, धन्य झालो साहेब!" साहेब चहा पिऊन गेले की अण्णा कडी लावायचे — "सुटलो!" आणि गोदाआत्या आली की? आई दारातूनच ओरडायची, "आली गं भवानी, लाडवांचे डबे लपवा!" ती भवानी महिनाभर राहायची, आणि जाताना आई पदरात तोंड घालून रडायची.

येसूला लख्ख अर्थ लागला! आपण विहिणीला पाटावर बसवलं — तलाठ्याच्या!

मग काय! पोरीनं निऱ्या उचलल्या आणि सुटली!

"अगं, नवरी ती! धरा तिला, नवरी पळाली!"

नवरी कुठली थांबते? गाळात पाय रोवून उभी राहिली आणि खडा आवाज लावला —

विहीण बसली होडीत बाई, होडी रुतली गाळात,
शिडाएवढं नाक तिचं, अडकलं गं माडात!

अण्णा तर चिखलातच बसले. द्वारकाबाई हळूहळू वळल्या. भुवई चढली... चढली... एक बगळा घाबरून उडाला... आणि होडीतून आवाज आला —

नाकाच्या या शिडावर गं तरून जाईन खाडी,
नवरी आली चिखल तुडवत, कुणी नेसवली साडी?

अहो, काय हशा उसळला! माडावरचे नारळ पडले म्हणतात! गोदाआत्याच्या तोंडाचं कुलूप तुटलं. ती इकडून, बाई तिकडून! घावनांपासून सुरू झालं ते अण्णांच्या टकलापर्यंत गेलं. आणि या नादात ओहोटीचं भान कुणाला? होडी खरंच रुतली की हो गाळात!

येसूनं हात पुढे केला. द्वारकाबाई उतरल्या. दोघी गुडघाभर चिखलात. मग बाई हळूच म्हणाल्या, "पोरी, संक्रांतीपासून जात्यावर बसून ही उत्तरं जुळवत होते मी. हे गेल्यापासून माझी थट्टा कुणी केली नाही गं. हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, मान मात्र देतात. मान म्हणजे कोपऱ्यातला पाट! वाटलं, विहीण झाले, आता एक दिवस तरी कुणी माझ्या नाकावर बोलेल. तर तुम्ही मला धन्य करून ठेवलंत!"

येसू चिखलातच वाकून पाया पडली. म्हणाली, "सासूबाई, नाक खरंच मोठं आहे हो."

"आहेच! नातवंडांना पण येणार!"

भटजी म्हणाले, पाय धुवायला गेलात तर मुहूर्त जाईल. तशाच चिखलाच्या पायांनी नवरी अंतरपाटामागे उभी राहिली — आणि शेजारी तशाच पायांनी विहीण!

आता तुमच्याकडे वळते. पळू नका! देवळात येता, हात जोडून म्हणता, "हे दयाघना, हे करुणाकरा!" — आणि बाहेर पडलात की कडी! देव काय तलाठी आहे? संतांनी त्याला काळ्या म्हटलं, चोर म्हटलं, त्याच्याशी भांडले — म्हणून तर तो त्यांच्या घरात राबला! कधी विचारलंत त्याला, "अरे, विटेवर पाय अवघडत नाहीत का तुझे?" आणि घरात, ओसरीवर एखादी द्वारका बसलेली असेल, जिला तुम्ही नुसता मान देता — तिची शेवटची थट्टा कधी केलीत?

आता आरती होईल. प्रसाद घेताना माझ्या पाया पडून कुणी म्हणायचं नाही, "आजी, फार सुश्राव्य कीर्तन झालं." खबरदार! "म्हातारे, किती गं बडबडतेस!" असं म्हणा. म्हणजे मला कळेल, मी तुमची आहे.