मटकीचा आठवडा

तिसरीतल्या पोरांना खोटं लिहायला कसं शिकवतात, ते सांगतो. ऐका.

माझी भाची ओवी बिबवेवाडीच्या शाळेत जाते. सोमवारी बाईंनी प्रत्येकाच्या वाटीत मटकी भिजत घातली आणि रोज काय दिसतं ते वहीत लिहायला सांगितलं. फडक्यात बांधायचं सोडून आठवडाभर पाण्यातच ठेवली. गुरुवारी वर्गभर वास सुटला. शुक्रवारी साहेब तपासणीला येणार, म्हणून बाईंनी बाजारातून मोड आलेली मटकी आणून वाट्यांत भरली.

ओवीने लिहिलं, "शुक्रवार. आमची मटकी कुजली. बाईंनी विकतची आणली."

शनिवारी शाळेतून बोलावणं आलं. मी आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, तिला घेऊन गेलो.

"ते पान फाडून नवीन लिहू दे," बाई म्हणाल्या.

आप्पा लगेच वाकले. जन्मभर तेच केलंय त्यांनी. "फाड बाळा. बाईंचं ऐकावं."

"का फाडायचं?" मी विचारलं.

"कॉलेज अर्धवट सोडणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये," बाई म्हणाल्या. मी कॉलेज सोडल्याचं बिबवेवाडीभर ठाऊक आहे.

ओवीने पान फाडलं, घडी करून माझ्या हातात दिलं. कोऱ्या पानावर 'शुक्रवार' लिहिलं आणि पेन्सिल धरून वर बघितलं.

"बाई, मला काय दिसलं?"