वरची कोंडी, खालची कोंडी

(अल्माटी. अल-फराबी रस्त्यावर खोळंबलेली गाडी. वहिनी चालवतेय, धाकटा दीर शेजारी.)

येरसाइन : म्हणून म्हणत होतो वहिनी, इस्पितळातून सरळ उतारानं खाली जाऊ. तुम्ही अल-फराबीला वळलात आणि बसलो अडकून.

मेरुएर्त : उतारावर काय तुमच्यासाठी रस्ता झाडून ठेवलाय? मधल्या शहरात चौकाचौकाला सिग्नल. इथं निदान डोंगर तरी दिसतोय, भाऊजी.

येरसाइन : डोंगर रोज दिसतो. मुलगी आज झालीय मला. आणि तिकडं दाजी स्टेशनाकडून सुटलेत. ताईला दम कुठला, तिनं इस्पितळातूनच नवऱ्याला कळवलं. ते आधी पोचले की आईपुढं हात पसरून 'सुयिन्शी' म्हणणार, गोड बातमीचं बक्षीस मागणार.

मेरुएर्त : म्हणू देत. आमच्या थोरल्याच्या वेळीही बातमी त्यांनीच आधी पोचवली आणि बक्षिसाचा मेंढा घेऊन गेले. नंतर वर्षभर सांगत होते, मेंढा बारीकच होता म्हणून.

येरसाइन : मेंढा नेऊ देत, उंट नेऊ देत. बातमी मला सांगायचीय.

मेरुएर्त : मग फोन करा की आईंना.

येरसाइन : फोनवर सांगणाऱ्याची ती बिस्किटाच्या पुड्यावर बोळवण करते. आणि नौरूझच्या सणापासून मी तिच्याशी धड बोललोय कुठं? आता एकदम फोनवर हे सांगू?

मेरुएर्त : न बोलायला आम्ही सांगितलं होतं का? धाकट्यानं आईजवळ राहायचं, ही आपली रीत. तुम्ही बायकोला घेऊन वर डोंगराकडच्या फ्लॅटात गेलात. बरं, गेलात तर गेलात. सणाला तरी यायचं. आईंनी तुमच्या वाटणीचं सूप संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं, आणि तुमचा निरोप आला, 'वरती फार कोंडी आहे.'

येरसाइन : खरंच होती.

मेरुएर्त : असेल. त्याच दिवशी आम्ही बाजाराच्या बाजूनं आलो. ट्रक, मिनीबस, हातगाड्या, आणि मध्येच एकजण खांद्यावर गालिचा टाकून रस्ता ओलांडतोय. ह्यांनी काच खाली करून त्याला शिवी दिली, त्यानं परत दिली, मग त्यानंच गालिचा आडवा धरून बाकीच्या गाड्या थांबवल्या आणि आम्हाला वाट करून दिली. तुमच्या वरच्या कोंडीत बघा. एवढाल्या गाड्या, एकेकीत एकच माणूस, आणि सगळ्यांच्या काचा बंद.

येरसाइन : झालं? आता उजवीकडची लेन सरकतेय, घुसवा तिकडं.

मेरुएर्त : घुसवते. बायकोला सोडून आलात, तिला काय सांगितलंत?

येरसाइन : तिनंच पाठवलं. म्हणाली, आज नाही गेलास तर परत कधी जाणार नाहीस. वहिनी, दाजींचा मेसेज मघाशीच येऊन पडलाय. 'रायिमबेक रस्ता ओलांडला.' म्हणजे घर आलंच, संपलं. आई म्हणेल, जावयाला सवड झाली, पोराला नाही.

मेरुएर्त : थांबा, आईंचाच फोन आला. स्पीकरवर टाका. हां, बोला आई.

आई : कुठं आहात गं?

मेरुएर्त : अजून वरच आहोत. जावईबापू आले का तिकडं?

आई : केव्हाचे आलेत. दारातच आ केला, 'सुयि' एवढंच म्हणाले असतील. मी तोंडात तळलेला गरम बाउर्साक कोंबला. आता बसवलंय. चावून झालं की दुसरा देते, नाहीतर चहा ओतते. बिचारे घामाघूम झालेत.

मेरुएर्त : अहो, फुटतील ते.

आई : फुटू देत. माझा धाकटा आहे ना गाडीत?

येरसाइन : आहे, आई.

आई : मग त्या बाजाराच्या अंगानं येऊ नकोस, मिनीबसवाल्यांनी रस्ता तुंबवलाय. नदीकाठानं ये. आणि सावकाश ये, मेरुएर्तला उगीच घाई करायला लावू नकोस.

येरसाइन : आई, ऐक ना. मला तुला एक...

आई : फोनवर नको. घरी येऊन बोल. तुझा जुना पाळणा माळ्यावरून काढलाय, पुसून उन्हात ठेवलाय. का काढला ते विचारू नकोस. मला अजून काहीच माहीत नाही.