तेवीस पावलांचा धुरा

ऐका. ते मोबाईल आधी खाली ठेवा. ठेवा म्हणतो ना! देविदास, तूही. अन् तिकडं अंधारात काहून बसला? शेकोटीपाशी ये. तुझं तोंड दिसू दे मले.

आज मी चिडलेलो आहे, लेकहो. गोष्ट सांगीन, पण गोड करून सांगणार नाही. ज्याले हसायचं असंल त्यानं आताच घरी जावं.

तं ऐका. आपली बाभुळपांदण सगळ्यायले माहीत आहे. दोन्हीकून बाभळी, मधात गाडीवाट, अन् शेवटी गिरजाबाईचं वावर. त्या पांदणीनं एक माणूस रात्री तीन वाजता निघाला. मार्गशीर्षाची थंडी. एकटा! खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी, बगलेत तीन पायांचं स्टँड, हातात टॉर्च. सुधांशू ठोसर त्याचं नाव. अमरावतीचा फोटोवाला. माझ्याच घरी मुक्कामाले होता. मी तेव्हा गावचा कोतवाल होतो ना.

मी म्हटलं, "साहेब, पांदणीनं जाऊ नोका. सडकेनं जा. दोन मैल जास्ती पडंल, पण सडकेनं जा."

तो म्हणे, "काका, धुकं सूर्य उगवायच्या आधीच सापडतं. अन् भूतबीत मी मानत नाही."

"मानू नोका," मी म्हटलं. "त्यानं तिचं काय अडते?"

हसला तो. लय गोड हसायचा. त्या हसण्याचीच मले चीड होती.

आता हा काय काम करायचा ते ऐका. त्याले आपल्या सपाट रानाचं वेड लागलं होतं. ना डोंगर, ना दरी, नजर जाईल तिथवर काळी जमीन. म्हणे, "या सपाटीत लय रूप आहे, काका, फक्त वर्षभर पाहावं लागतं." गिरजाबाईच्या वावरात तो एकटा पळस आहे ना, तो त्यानं धरला. समोर एक लोखंडी खुंटी ठोकली. स्टँड त्या खुंटीवरच ठेवायचं, एक बोटही इकडंतिकडं नाही. फागुनात आला तेव्हा पळस लाल पेटलेला. जेठात आला तेव्हा जमिनीले भेगा, पाय जाईल अशा. श्रावणात सगळी हिरवी ज्वारी. अन् आता राह्यलं होतं धुकं. चार फोटो, एकच जागा. मेहनती होता, खोटं काहून बोलू?

पण त्यानं श्रावणात एक काम केलं. तिथंच माती खाल्ली त्यानं.

गिरजाबाई कोण, ते नव्या पोट्ट्यायले सांगतो. विधवा बाई. तिच्या वावराले लागून नत्थूजीचं वावर. हो, देविदास, तुझा बाप. खाली पाहू नोको, ऐक. नत्थूजी दरसाल वखर घातला की दोन वावरांमधला बांध, म्हणजे धुरा, वीतभर कोरायचा. वीतभरच! तेवढ्यासाठी कोण भांडते? गिरजाबाई भांडायची. तिनं पंचायले बोलावून धुऱ्यावर काळा दगड रोवून घेतला, त्याले शेंदूर लावला. पळसापासून दगडापर्यंत तिची तेवीस पावलं. रोज रात्री भाकर खाल्ली की बाई कंदील घेऊन जायची अन् मोजायची. एक, दोन, तीन… तेवीस. पाय दगडाले लागला की मंग घरी येऊन झोपायची. एका रात्री मोजता मोजताच पान लागलं तिले. साप चावला अन् बाई दगडावर हात ठेवून गेली. मागं पोरगी, वच्छला. ती वावर पाहू लागली.

अन् माय? माय मोजतच राह्यली. पांदणीनं रात्री जाणाऱ्यायनं तो आवाज ऐकला आहे. कोणाले काही केलं नाही तिनं. मोजायची, बस.

आता श्रावणाचं ऐका. सुधांशूनं खुंटीवर स्टँड लावलं, कॅमेऱ्यात पाह्यलं अन् तोंड वाकडं केलं. एवढ्या हिरव्या ज्वारीत तो लाल दगड त्याच्या डोळ्यात खुपू लागला. नत्थूजी तिथंच उभा होता. साहेब म्हणे, "भाऊ, हा दगड थोडा वेळ हलवता येईल का? फोटो झाला की परत ठेवू."

नत्थूजीले काय, घरबसल्या गंगा! "हलवा ना साहेब, त्यात काय? दगडच तं आहे!"

दोघायनं उचलला. जड होता, दोघायलेही धाप लागली. नऊ पावलं आत, गिरजाबाईच्या वावरात, बोरीच्या झुडपाआड नेऊन टाकला. फोटो झाला. तेवढ्यात पाऊस आला. साहेब कॅमेरा झाकून पळाला. दगड राह्यला तिथंच. अन् ज्वारी निघाल्यावर नत्थूजीनं पार त्या दगडापर्यंत वखर घातला.

वच्छला रडत माझ्याकडं आली. मी कोतवाल. मले दिसत होतं ना सगळं! पण नत्थूजीचा माणसांत वट. मी म्हटलं, "पाहू." पाहू म्हटलं मी! आजही ते आठवलं की माझंच थोबाड रंगवावं वाटते.

मंग तिनं साहेबाले फोन केला. "साहेब, फागुनातल्या फोटोत दगड जागेवर आहे. तेवढा फोटो पंचायले दाखवा." गावाची रीत तुम्हाले माहीत आहे, दगड असंल तिथं धुरा. पंच येणार होते, अन् साहेबानं दाखवलं नाही तं नऊ पावलं कायमची गेली. तं हा काय म्हणे? "ताई, मी कलाकार माणूस. गावाच्या भांडणात मी पडत नाही."

भांडणात पडत नाही! दगड उचलताना बरा पडला होता!

अन् ज्या रात्रीचं मी सांगतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पंच धुऱ्यावर येणार होते.

तं निघाला साहेब पांदणीनं. टॉर्चचा उजेड पुढं, धुकं जमिनीलगत. थोडं गेला अन् पुढून आवाज. बाईचा.

"एक… दोन… तीन…"

त्याले वाटलं, रात्रीची लाईन आली असंल, कोणी बाई पाणी द्यायले चालली. सोबत झाली म्हणून बरंही वाटलं. हाक मारली, "ओ मावशी!"

आवाज बंद. किडाही वाजेना. दहा पावलं चालला. अन् आवाज आला मागून!

"चार… पाच… सहा…"

गर्रकन वळला. टॉर्च मारली. काही नाही. बाभळी अन् धुकं. म्हणे, थंडीनं कान वाजत असतील. शिकलेला माणूस ना, त्याच्यापाशी सगळ्याचं कारण तयार. पाय उचलत वावरात पोचला. खुंटी सापडली. स्टँड लावलं. म्हणे, उजेड व्हायच्या आधी एक फोटो काढून पाहू. काढला. मागच्या पडद्यावर पाह्यलं.

पळसाखाली बाई उभी!

मान वर केली. पळसाखाली कोणी नाही. पुन्हा काढला. पुन्हा पाह्यलं. बाई पळसाच्या अलीकडं आलेली. डोक्यावर पदर, गुडघ्यापर्यंत चिखल. मान वर, तं रान रिकामं. पण बोट थांबेना त्याचं. तिसरा काढला. त्यात पदर दिसेना, चिखल दिसेना. नुसता डोळा. पूर्ण फोटोभर एकच डोळा, अन् तो रागानं तांबारलेला!

कॅमेरा गळ्यात टाकला अन् पळाला. स्टँड तिथंच. पळते, पळते, अन् तोंडावर आपटला. समोर काय? पळस! पांदणीकडं पळालेला माणूस पळसावर कसा? उलटा वळला. पळाला. या वेळी पाय अडखळला बोरीत, त्या दगडाशी. तिसऱ्या वेळी तो मोजत चालला. चौदा झाली अन् पळस. वळला. चौदा झाली अन् दगड. चारी बाजूनं मोकळं रान, ज्याचे फोटो काढायले तो वर्षभर फिरला तेच, अन् माणूस चौदा पावलांत कोंडला!

मंग ती बोलली. अगदी कानाशी.

"बापू, किती झाली?"

"चौदा… चौदा झाली, मावशी."

फाडकन कानाखाली बसली! माणूस कोलमडला.

"पुन्हा मोज!"

मोजली. चौदाच. दुसरी बसली. अन् पाय खाली जाऊ लागले. जमीन कोरडी होती हो, मार्गशीर्षातली. पण त्याच्या पायाखाली श्रावणातल्यासारखी झाली. घोट्यापर्यंत गेला.

"किती झाली?"

भेवानं म्हणे, "तेवीस! तेवीस झाली, माय!"

तेव्हा ती अशी ओरडली की म्हणते त्याच्या दाताच्या मुळाले ते जाणवलं. "तोंडानं तेवीस? तोंडानं सगळेच तेवीस म्हणतात रे! दगड कुठी आहे माझा?"

गुडघ्यापर्यंत गेला. मंग मांडीपर्यंत. गार चिखल, अन् खालून कोणी ओढते. तवा त्याच्या डोक्यात उजेड पडला. रडत म्हणे, "मी हलवला, माय. मीच हलवला. नत्थूजी सोबत होता, पण मी म्हटलं म्हणून हलवला. मले तो दगड दिसाले चांगला वाटला नाही."

ओढणं थांबलं. पण ती हटली नाही. धाप टाकत उभी, जशी वखर घालून आलेली बाई.

त्यानं कोपरं टेकून टेकून स्वतःले वर काढलं. दगडाले मिठी मारली. दोघायले धाप लावणारा दगड, आता एकट्यानं लोटाले लागला. नखं उलली. शेंदूर अन् रक्त एक झालं. पण ठेवाचा कुठी? तेवीस पावलं मोजली तं ती त्याची लांब टांगांची पावलं. बाई मागून गुरगुरली, "तुझी नोको! माझी!"

मंग त्यानं कॅमेरा उघडला. फागुनातला फोटो मागच्या पडद्यावर आणला. लाल पळस, काळी जमीन, अन् एका कडेले दगड. खुंटीपाशी जायचा, स्टँडवरून डोळा लावून पाहायचा, पळत येऊन दगड हातभर सरकवायचा. पुन्हा खुंटी. पुन्हा दगड. वर्षभर चांगला फोटो यावा म्हणून त्यानं जी जागा बोटभर हलू दिली नव्हती, तीच त्याच्या जिवाले कामी आली. शेवटी बसला दगड. फोटोत होता तसाच.

पळसापासून आवाज निघाला. "एक… दोन… तीन…" साहेब डोळे मिटून, हात जोडून. "वीस… एकवीस… बावीस…"

"तेवीस."

अन् दगडावर पाय टेकल्याचा आवाज आला.

म्हणसान, आशीर्वाद दिला का तिनं? नाही! काहून द्यावा? जाता जाता म्हणे, "माझं वावर चांगलं दिसावं म्हणून पुन्हा हात लावशील तं बाहेर निघू देणार नाही." तेवढ्यात कोंबडा आरवला.

सकाळी पंच आले तं हा दगडाले टेकून बसलेला. गालावर पाच बोटं, शेंदराची. महिनाभर धुतली तरी गेली नाहीत. नत्थूजी ओरडला, "रात्री दगड हलवला यानं!" साहेब उठला, कॅमेरा पंचायच्या हातात दिला अन् म्हणे, "हा फागुन पाहा. हा जेठ पाहा. श्रावणात मी अन् यानं मिळून चोरी केली." पहिल्यांदा तो हसला नाही. नऊ पावलं वच्छलाले परत भेटली. धुक्याचा फोटो त्यानं काढलाच नाही. तीनच फोटो आहेत, ते चावडीत लावलेले. जाऊन पाहा, फागुन अन् जेठात दगड दिसते, श्रावणात नाही.

झालं. पण मी चिडलेलो काहून आहे, ते ऐका. काल वच्छलानं मोजलं. तिचं पाऊल अगदी तिच्या मायसारखं. मी सोबत होतो.

एकवीस भरली.

दोन पावलं गेली. या आठवड्यात, वखर फिरल्यावर. फोटोवाला आता येत नाही, अन् मीही कोतवाल नाही. पण या वेळी मी "पाहू" म्हणणार नाही. दगड कोणी हलवला ते मी सगळ्यायसमोर इचारतही नाही.

फक्त बजावून ठेवतो. बाभुळपांदणीनं रात्री कोणी जाऊ नोका. सडकेनं जा, लांब पडलं तरी सडकेनं जा.

बस ना, देविदास. उठला काहून? तुझं घर तं वावरात आहे. अन् सडक गिरजाबाईच्या वावरापर्यंतच येते, तुझ्या घरी जात नाही.