काळी दोनची मुलगी

आजच्या या सोहळ्याचे अध्यक्षस्थान भूषविणारे संस्थेचे सन्माननीय अध्यक्ष महोदय, प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती प्राध्यापक रेणुकादास कंधारकर सर, सरांची वाट बघत आयुष्यभर गार जेवण जेवलेल्या विशाखाताई, समोर बसलेले आजी-माजी विद्यार्थी, आणि जेवणाच्या वासानं अस्वस्थ झालेले मागच्या रांगेतले रसिक हो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी शिवकांता. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण होते, आता निवृत्त आहे. त्यामुळे बोलता बोलता कुणाला ‘गप बसा रे’ म्हणाले, तर राग मानू नका, ती हाडात मुरलेली सवय आहे. मला सांगितलंय, पालकांच्या वतीनं पाच मिनिटं बोला. पाच मिनिटांत मास्तरणीची हजेरीसुद्धा होत नाही, हे प्राचार्यांना ठाऊक असायला हवं होतं!

सरांच्या विद्वत्तेवर इथं तीन जण बोलून गेले. त्यातलं मला फार कळत नाही. मी सांगणार आहे ती एका प्रवेशाची गोष्ट. माझी भाची शिवकन्या, जी आज नांदेडच्या कॉलेजात संगीत शिकवते आणि आत्ता पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली आहे, तिला सरांनी संगीत विषय कसा दिला, ती गोष्ट. बाळ, वर बघ. काही वाईट सांगत नाही मी.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आपल्या लातूरला शिक्षणाचं काय वारं सुटलं होतं, आठवतंय ना? हदगाव, बिलोली, कंधार, कुठून कुठून पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन एस.टी.तून उतरायची. ज्याच्या त्याच्या दारावर पाटी, ‘खोली भाड्याने मिळेल, फक्त विद्यार्थ्यांसाठी’. आमच्याही माडीवर चार पोरं होती. पहाटेपासून मोठमोठ्यानं पाठांतर चालायचं. भाकरी थापता थापता मला रसायनशास्त्र पाठ झालं, पण त्या चौघांतल्या दोघांना काही झालं नाही, ते सोडा.

त्या घरात शिवकन्या आली ती भूकंपानंतर. माझा धाकटा भाऊ संगप्पा किल्लारीच्या पट्ट्यातला. गावात शिवभजन तोच चालवायचा. त्र्याण्णवच्या त्या रात्री तो गेला, माझी भावजय गेली. पोरगी गणपतीचं विसर्जन बघून मैत्रिणीच्या अंगणात झोपली, म्हणून वाचली. याहून जास्त मला आजही बोलवत नाही, आणि आपल्यापैकी कुणाला सांगायची गरजही नाही.

पोरगी कामाला चलाख, अभ्यासात बरी. काम करताना गायची, पण कशी? अगदी खाली, दाबून, बाप्याच्या आवाजात. माडीवरची पोरं विचारायची, ‘काकू, खाली पाहुणे आलेत का?’ एकदा मी म्हटलं, ‘अगं, मोकळं गा की. विहिरीत बसल्यासारखं काय गातीस?’

तर म्हणाली, ‘आत्या, असं गायलं की अप्पा शेजारी बसल्यावानी वाटतंय.’

त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही.

बारावी झाली. आमचे हे, म्हणजे श्री. बसलिंगप्पा, आत्याचा नवरा म्हणून तिचे मामा, त्यांचा हिशेब सरळ. ‘डी.एड. कर. आत्यासारखी मास्तरीण हो. गाण्यानं पोट भरतंय व्हय?’ पोरीनं पहिल्यांदाच आमच्या घरात मान वर करून सांगितलं, ‘मामा, मी बी.ए. करणार. संगीत घेऊन.’

हे चिडले नाहीत. लई हुशार माणूस! म्हणाले, ‘ऐकलंय की त्या कॉलेजातला सर आधी आवाज ऐकतो, मग विषय देतो. त्यानं घेतलं तर बी.ए., न्हाई घेतलं तर मुकाट्यानं डी.एड. हाय कबूल?’ ती कबूल म्हणाली. यांना पक्की खात्री, असला घोगरा आवाज कोण घेतंय!

मग जून उजाडला. या कॉलेजचा तेव्हाचा व्हरांडा आठवा. एकेका विषयाचं एकेक टेबल. पोरं कमी पडली की तासिका कमी होतात, म्हणून प्राध्यापक मंडळी स्टँडवरच्या हॉटेलवाल्यांसारखी हाका मारायची. ‘या, या, राज्यशास्त्र घ्या, गाईड मिळतंय!’ ‘भूगोल घ्या, सहल आहे!’ हसताय काय? त्यातले दोघं आज या व्यासपीठावर बसलेत. आणि या गलबल्यात संगीताच्या टेबलावर कुणीच नाही! सर आतल्या खोलीत तानपुरा मांडून बसलेले. तेव्हाचे प्राचार्य म्हणे रोज सांगायचे, ‘कंधारकर, अहो विषय बंद पडेल, घ्या आलेली पोरं.’ पण सर ऐकल्याशिवाय फॉर्मवर सही करायचे नाहीत. मी तुम्हाला विचारते, नोकरी टिकवायची असते तेव्हा असं कोण वागतं?

आम्ही तिघं आत गेलो. सरांनी तानपुरा छेडला आणि म्हणाले, ‘लाव सा.’ पोरीच्या तोंडून शब्द फुटेना. पुन्हा म्हणाले, ‘लाव, घाबरू नको.’ ती लावायला गेली तर आवाज चिरकला. आमच्या यांच्या मिशीत हसू. पण माणूस मनानं वाईट नाही हो, पोरीचं तोंड उतरलेलं बघवेना. खिशातून भूकंपग्रस्ताचं प्रमाणपत्र काढलं आणि सरांपुढं धरलं. ‘साहेब, किल्लारी भागातली पोरगी हाय. काही जमत असंल तर बघा.’ पोरीचे कान लालबुंद झाले.

सरांनी त्या कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, ‘ते ऑफिसात लागतं. इथं नाही.’ मग तिला विचारलं, ‘गाणं कुणाकडून शिकलीस?’

‘अप्पांकडून. भजनात.’

‘अप्पा कोणत्या पट्टीत गायचे?’

आम्हा मास्तरांना पट्टी एकच माहीत, हातावर मारायची. पण गाणाऱ्यांची पट्टी म्हणजे प्रत्येक गळ्याची आपली उंची, तिथं तो सुखानं उभा राहतो. पेटीच्या पांढऱ्या-काळ्या सुरांवरून तिला नाव देतात. तिला काही सांगता येईना. सर तानपुऱ्याच्या तारा सैल करत गेले. खाली, आणखी खाली, आणि पोरीची मुद्रा बघत. एका ठिकाणी तिचे डोळे चमकले. सर म्हणाले, ‘काळी दोन. ही पुरुषांची जागा आहे, पण असू दे. गा.’ आणि ती गायली. मला संगप्पाच आठवला. सरांनी सही केली.

बाहेर आल्यावर हे म्हणतात, ‘दया आली मास्तरला.’ मागं सर उभे! म्हणाले, ‘बसलिंगप्पा, मला दया आली की मी चहा पाजतो. विषय देत नाही.’

यांना त्या दिवशी मी पहिल्यांदा निरुत्तर झालेलं बघितलं. आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

मग सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, ‘बाई, गळा सोन्याचा आहे, पण दाबलेला. असंच गात राहिली तर दोन वर्षांत खराब होईल. आज एकदम वर ओढली तर पळून जाईल. तिला कळू न देता हळूहळू वर आणतो.’ आणि खरंच, वर्षभर सरांनी तेच केलं. पंधरा दिवसांनी, महिन्यानं, तार केसभर वर. तिच्या तासाला पेटी म्हणून काढली नाही, पट्टी कळेल म्हणून. तबलजींना कटात घेतलं. पोरीला वाटायचं, ती काळी दोनमध्येच गातेय. एक इतर वेळी शिस्तीचा, सरळ माणूस एका पोरीच्या गळ्यासाठी वर्षभर लपवाछपवी करत राहिला!

वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक आले. शिवकन्या अशी गायली की ते माना डोलवत राहिले. आणि शेवटी कौतुकानं म्हणाले, ‘वा! काळी चारमध्ये आवाज कसा मोकळा लागतो बघा.’

ती म्हणाली, ‘काळी दोन, सर.’

‘नाही बेटा, काळी चार.’ आणि त्यांनी पेटीचा सूर दाबून दाखवला.

खोलीत सगळे खूश, आणि ही पांढरीफटक. घरी आली आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन जुन्या आवाजात गायला बघत होती. आवाज तिथं बसेना. उतरायचा आणि सुटायचा. मग माझ्या मांडीवर डोकं टाकून म्हणाली, ‘आत्या, अप्पा सापडेनात.’

भूकंपात माझा भाऊ गेला होता. तिला वाटत होतं, आता तो दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळी सरांनी नेला. मलाही त्या घटकेला सरांचा राग आला, खोटं कशाला बोलू?

पुन्हा जून आला. दुसऱ्या वर्षाची नावनोंदणी सुरू झाली. ही म्हणाली, ‘संगीत सोडलं. इतिहास घेते.’ मामा ‘बरं झालं’ म्हणाले खरे, पण त्या दिवशी जेवण अर्धं टाकून उठले. ज्या सरांना मी ओळखत होते, ते निरोप पाठवतील असं वाटलं होतं. नाही पाठवला. नोंदणी संपायच्या आदल्या दिवशी, भर उन्हात, स्वतः सायकलवर आले.

पाणीसुद्धा न घेता तिच्यासमोर बसले. म्हणाले, ‘शिवकन्या, गळा वाचवायचा होता म्हणून केलं. पण गळा तुझा होता, तुला विचारायला पाहिजे होतं. चुकलं माझं.’ मंडळी, आमच्या काळात गुरुजी विद्यार्थ्याला चुकलं म्हणत नव्हते. मी स्वतः कधी म्हटलं नाही. मी दारात पदर तोंडाला लावून उभी राहिले.

ती म्हणाली, ‘तुम्ही माझे अप्पा नेले, सर.’

सरांनी विचारलं, ‘भजनात पहिली ओळ कोण म्हणायचं?’

‘अप्पा. मी मागनं म्हणायची.’

‘एकटी कधी गायलीस त्यांच्यापुढं?’

‘न्हाई.’

‘मग त्यांनी तुझा आवाज ऐकलाच नाही, पोरी. त्यांना त्यांचाच आवाज किती दिवस परत ऐकवत राहणार? एकदा तुझा ऐकव की.’ आणि उठले. दारातून म्हणाले, ‘उद्या शेवटचा दिवस आहे. आलीस तर काळी दोन लावून देईन, तू म्हणशील तसं. नाही आलीस तरी माझा राग नाही.’

त्या वर्षी दुसऱ्या वर्षाला संगीतासाठी पोरं किती कमी होती, एक नाव गेलं तर विषयाचं काय झालं असतं, हे मला पुढं प्राचार्यांकडून कळलं. सरांनी त्याचा ‘ब्र’ही आमच्या घरात काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती सांगून गेली नाही. चपला दिसल्या नाहीत तशी मी शाळा बुडवून मागोमाग आले. मुख्याध्यापकांना पोट दुखतंय म्हणून सांगितलं, ते इथं असतील तर त्यांनी माफ करावं. व्हरांड्यात तोच गलबला. ती सगळ्या टेबलांवरून सरळ चालत आतल्या खोलीत गेली. मी खिडकीशी उभी राहिले. सरांनी तानपुरा घेतला आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे तारा सैल करायला लागले, काळी दोनसाठी.

हिनं खुंटीवर हात ठेवला. म्हणाली, ‘राहू द्या, सर. वर घ्या.’

सरांनी काळी चार लावली. आणि अप्पांचं भजन, ज्याची पहिली ओळ आमच्या गावात संगप्पाशिवाय कुणी कधी उचलली नव्हती, ती पहिली ओळ माझ्या भाचीनं स्वतःच्या आवाजात उचलली. सरांचा हात तानपुऱ्यावर होता, डोळे मिटलेले होते, आणि ओळ संपल्यावर मागून म्हणायला तिथं कोणी नव्हतं, म्हणून ती सरांनी म्हटली.

सर, तुमच्या विद्येबद्दल बोलायची माझी पात्रता नाही. एवढंच सांगते, त्या दिवशी खिडकीशी उभी राहून मी भावासाठी मनसोक्त रडले. भूकंपानंतर चार वर्षं माझ्याच्यानं रडवलं नव्हतं. तुम्हाला, विशाखाताईंना उदंड आयुष्य लाभो. या संस्थेनं एका साध्या मास्तरणीला या मोठ्या माणसांच्या पंक्तीत उभं केलं, याचं ऋण मानते. पाच मिनिटांची मी किती केली, ते घड्याळ बघणाऱ्यांनी पोटात घालावं. माझ्या बोलण्यात कुणाचं उणंदुणं निघालं असेल, मानपान राहिला असेल, तर घरातली थोरली बाई म्हणून सांभाळून घ्या. नमस्कार करते.